दही न मोडणारी बग्गी

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, पण डोळे मिटू नका, आणि मधूनमधून "हूं" म्हणत राहा. सांगणाऱ्याला तेवढाच आधार. गोष्ट एका बग्गीची आहे, एका घोडीची आहे, आणि बहिणीच्या वाटेवरचा सगळा खडखडाट काढून टाकायला निघालेल्या एका भल्या माणसाची आहे. शेवटी गोपाळकाला आहे, तेव्हा प्रसाद घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

त्या माणसाचं नाव हरिदास. आपल्याकडे हरिदास म्हणजे कीर्तनकार. पण ह्याच्या गळ्यात सूर नव्हता, हाताला ताल नव्हता. केंद्र सरकारच्या एका कचेरीत बसून तो मालगाडीच्या डब्यांच्या चाकांचे, आसांचे आणि स्प्रिंगांचे आराखडे तपासायचा. देशाचा बाजार परदेशी मालाला मोकळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. दिल्लीतल्या भाड्याच्या खोल्या सोडून माणसं यमुनेपलीकडे सरकत होती, तसा हरिदासही बायकोला, कुमुदला, घेऊन गाझियाबादच्या वैशालीत तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये आला. समोर गव्हाचं शेत आणि शेताच्या मधोमध एका बिल्डरचा बोर्ड, 'स्विमिंग पूल के साथ'. नळाला पाणी मात्र दिवसाआड.

नावाला जागायचं काम घरात त्याची थोरली बहीण करायची. इंदुमती तिचं नाव, सगळे आक्का म्हणत. देवरुखची. लहानपणी आई गेली तेव्हा तिनेच हरिदासला वाढवलं. नऊवारी, कपाळाला बुक्का, हातात टाळ, आणि उभं राहिलं की मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाची झोप उडवणारा आवाज. दिल्लीत मयूर विहारच्या महाराष्ट्र मित्रमंडळात दर गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन आक्कांचंच. पेढ्याचा डबा उघडावा तशी सभा उघडायची बाई. मधेच थांबून मागे पेटीवाल्याकडे बघायची आणि म्हणायची, "जागे आहात ना? मग असू द्या."

आणि मग एकदा आक्का बसलेली ऑटो उलटली. आक्कांच्या पाठीत डॉक्टरांनी सळ्या घातल्या. जीव वाचला, पाय वाचले, आवाजही वाचला; कंबर तेवढी वाकायची बंद झाली. उभं राहता येई, उंच खुर्चीत ताठ बसता येई. वाकणं नाही, आणि धक्का तर बिल्कुल नाही. एक धक्का बसला की पंधरा-पंधरा दिवस अंथरूण.

दोन वर्षं आक्का घराबाहेर पडल्या नाहीत. सुरुवातीला त्यांनी घरातच कीर्तन करून बघितलं. टाळ घेतले, नमन केलं, पूर्वरंग मांडला, आणि मधेच थांबल्या.

"का हो वन्सं, थांबलात का?" कुमुदने स्वयंपाकघरातून विचारलं.

"भिंती हुंकार देत नाहीत गं," आक्का म्हणाल्या. "आपण बोलतोय ते कुणाला पोचतंय की विहिरीत पडतंय, काही कळेना. पाऊलच पुढे पडत नाही."

टाळ फडक्यात गुंडाळून त्यांनी देवघरात ठेवून दिले.

त्या वर्षी आषाढात मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब यांचा फोन आला. "हरिदासराव, काल्याचं काय? गेल्या वर्षी पुण्याहून मागवलेल्या बुवांनी आयत्या वेळी पाठ फिरवली, शेवटी आम्ही कॅसेट लावली. लोकांनी कॅसेटपुढे हात जोडले हो! यंदाही आक्कांना जमणार नसेल तर सांगा, कॅसेट तयारच आहे. तेच पुढे चालू ठेवू. झंझटच नको."

आक्कांनी ते ऐकलं. रात्री जेवताना म्हणाल्या, "हरी, देवापुढे मशीन बोलायला लागलं की माणसाला परत कुणी बोलवत नाही रे. मला एकदा न्यायचं बघ."

न्यायचं तर होतं, पण कशातून? मारुती गाडीत वाकल्याशिवाय शिरता येईना. टेम्पोत उभं राहायचं, तर टेम्पो म्हणजे धक्क्यांचंच दुकान. ॲम्ब्युलन्सचं नाव काढल्यावर आक्का म्हणाल्या, "आडवी होऊन मी एकदाच जाणार आहे. आणि त्या दिवशी कीर्तन दुसरं कुणीतरी करेल."

हरिदास गोंधळला. तसा तो नेहमीच थोडा गोंधळलेला असे. बाजारात भेंडी आणायला जाई आणि भेंडी कोवळी कशी ओळखायची याच्या विचारात दोडकी घेऊन येई. पण ह्या वेळचा गोंधळ त्याच्या छातीवर बसला.

एके दिवशी कचेरीतून येताना मोहननगरच्या पुढे त्याला एक बग्गी दिसली. लग्नातली, चंदेरी पत्र्याची, दोन्ही बाजूंना मोर, वर लाल मखमलीची बैठक. चातुर्मासात लग्नं नाहीत म्हणून झाडाखाली नुसती उभी. मोराच्या मानेवर कुणाचं तरी धोतर वाळत घातलेलं. हरिदास सायकलीवरून उतरला. बैठक उंच होती, पायऱ्या रुंद होत्या, छप्पर नव्हतं. न वाकता चढता येईल, ताठ बसता येईल!

शेजारी बाजेवर बग्गीवाला बुंदू मियाँ बसला होता. हरिदासने त्याला सगळं सांगितलं. बुंदू मियाँने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबूजी, दूल्हा कौन है?"

"दूल्हा नहीं है. बहन है. साठ के ऊपर."

"अच्छा," बुंदू मियाँ विचारात पडला. "उम्र तो काफी हो गई. फिर भी मुबारक हो."

लग्न नाही, कीर्तन आहे, हे समजावून सांगेपर्यंत हरिदासला घाम फुटला. समजल्यावर बुंदू मियाँने कानाला हात लावला. "अम्मा अल्लाह का नाम लेने जा रही हैं? तो ले जाओ बाबूजी. लेकिन ये बग्गी तो हड्डियाँ तोड़ देगी. इसमें दूल्हा रोता हुआ उतरता है."

ते खरंच होतं. हरिदासने बग्गीखाली आडवं होऊन बघितलं. ट्रकच्या भंगारातले जाड पोलादी पाटे एकावर एक रचून स्प्रिंगा केलेल्या. पुढचा आस वळतो ती लोखंडी चकरी इतकी झिजलेली की हाताने हलवली तरी खडखडे. सगळे सांधे लोखंडावर लोखंड. चाकांवर रबराची पट्टी होती, पण तीही जागोजाग फाटलेली.

"स्प्रिंग ओझ्याच्या मापाची हवी," त्या रात्री तो कुमुदला सांगू लागला. "नवरदेव, त्याचे मेव्हणे, मांडीवरची पोरं, एवढं धरून बांधलेली स्प्रिंग आपल्या आक्काच्या वजनाला दाद कशी देईल? तिला वाटणार, वर कुणी बसलंच नाही."

"स्प्रिंगला वाटतं?" कुमुद म्हणाली. "अहो, पोळी घ्या. गार झाली."

पुढचे रविवार हरिदास साहिबाबादच्या एका वेल्डिंगच्या दुकानात बुंदू मियाँबरोबर राबला. जाड पाटे काढले, पातळ आणि लांब पाटे घेतले. एक पालथा, एक उताणा, टोकं एकमेकांत अडकवलेली, मधे उघड्या डोळ्यासारखी पोकळी. अशा चार डोळ्यांवर सगळी बग्गी तोलली. पहिल्या खेपेला ती इतकी मऊ झाली की कोपऱ्यावरच हरिदासला होडीत बसल्यासारखं मळमळलं. मग बैठकीखाली चामड्याचे रुंद पट्टे ताणून बसवले, डोलणं थांबलं. सांध्यासांध्यात जुन्या टायरचं रबर घातलं. चकरी नवी केली आणि ग्रीस भरलं. चाकांना जाड रबर चढवलं. कुठे टिकटिक ऐकू आली की हरिदास कान लावून तिचा उगम शोधायचा आणि तिथे रबराचा तुकडा कोंबायचा. दिवाळीआधी ढेकूण शोधावेत तसा तो आवाज शोधत होता.

परीक्षा कशी घ्यायची? त्याने कुमुदकडे विरजलेल्या दह्याचं पातेलं मागितलं. दही घट्ट लागलेलं, वर सुरी फिरवावी असं. "हे बैठकीवर ठेवतो. मोडलं नाही तर आक्काची पाठ मोडणार नाही."

"दही मी जेवायला लावते," कुमुद म्हणाली. "सरकारी तपासणीला नव्हे."

पण दिलं. शेतामागे विटा अंथरलेल्या कच्च्या रस्त्यावरून, खड्ड्यांतून, नालीवरच्या फरशीवरून बग्गी फिरून आली. कुमुदने पातेल्यावरचं फडकं काढलं. दही जसंच्या तसं! पाणीसुद्धा सुटलं नव्हतं. बुंदू मियाँने "सुभानअल्लाह" म्हटलं, हरिदासने डोळे पुसले आणि खिडकीत उभ्या असलेल्या आक्कांना पातेलं उचलून दाखवलं.

गोष्ट इथेच संपती तर मी तुम्हाला जवळ कशाला बोलावलं असतं? हूं म्हणा.

खरा घोटाळा पुढेच. वैशालीतून बाहेर पडायचा नवा डांबरी रस्ता नुकताच झाला होता. गुळगुळीत, काळाभोर. "आता इथे बघा कशी लोण्यावरून जाते," म्हणत हरिदासने बग्गी त्या रस्त्यावर घ्यायला लावली. बुंदू मियाँच्या घोडीचं नाव बिजली. पांढरी, वयाने पोक्त, शेकडो नवरदेव पोचवलेली. नावात बिजली असली तरी चाल बैलाची. ती चार पावलं गेली आणि उभी राहिली. मान वळवून मागे बघितलं.

"चल बेटी," बुंदू मियाँ म्हणाला.

बिजली चालली. परत थांबली. परत मागे बघितलं.

"अरे, बिजली चली गई क्या?" रस्त्याकडेचा चहावाला ओरडला. "यहाँ तो रोज जाती है!"

लोक हसले. हरिदासला हसू येईना. बग्गी फिरवून विटांच्या रस्त्याला नेली तर घोडी मुकाट्याने चालायला लागली. डांबरावर आणली, की थांबली. विटांवर चालते, डांबरावर थांबते! म्हणजे वाईट रस्त्यावर जाते आणि चांगल्या रस्त्यावर जात नाही? हरिदासने डोकं धरलं. ही कसली तऱ्हा? मालगाडीच्या डब्यांच्या आराखड्यात असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग सुरू झाली अंदाजांची जत्रा. बुंदू मियाँ म्हणाला डांबर गरम, टापांना चटका बसत असेल. ढगाळ दिवशी, सकाळी गार रस्त्यावर नेली, थांबली. नालबंदाने नाल बदलले, थांबली. जनावरांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, घोडी माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. कुमुदने हळूच लिंबू-मिरची बांधली. ते बिजलीने खाऊन टाकलं, मिरची थुंकली, आणि थांबली. चहावाला म्हणाला, "शादी की घोड़ी है साहब, बैंड के बिना नहीं चलेगी." पण चातुर्मासात बुंदू मियाँ बैठक काढून रिकाम्या बग्गीतून कडब्याच्या पेंढ्या आणायचा, तेव्हा कुठे बँड असायचा? तेव्हा तर चालायची.

"फिर पुराना वाला लगा के देखो," बुंदू मियाँ म्हणाला.

जुने पाटे परत लावले, रबरं काढली. बिजली डांबरावरून अशी निघाली की जणू माहेरी चालली. मागे सगळी बग्गी डब्यात खिळे घालून हलवावेत तशी वाजत होती. नवे पाटे, नवी रबरं लावली. थांबली.

म्हणजे खोट घोडीत नव्हती, रस्त्यात नव्हती, खोट हरिदासच्या कामात होती. पण काम तर बरोबर होतं! ओढायला बग्गी आधीपेक्षा हलकी झाली होती. ओझं कमी, धक्का कमी, घर्षण कमी. घोडीच्या जागी तो असता तर धावला असता. एका दुपारी तर त्याने दांड्या हातात धरून बग्गी स्वतः ओढूनही बघितली. शेजारच्या गुप्ताजींनी गच्चीवरून विचारलं, "सब ठीक है ना, भाईसाहब? ऑफिस जा रहे हो ना आजकल?"

बुंदू मियाँच्या हातात चाबूक होता, पण तो शोभेचा, गोंडा लावलेला. "इसको मारा नहीं कभी," तो म्हणाला. "आज मारूँगा तो भी क्या होगा? डर के भागेगी, फिर आपका दही..."

"नाही, नाही," हरिदास म्हणाला. "मारायचं नाही."

अष्टमीच्या संध्याकाळी तो आक्कांपुढे जाऊन बसला. देवघरात पाळणा सजला होता. "आक्का, मला काही कळत नाही गं. जुनी बग्गी चालते, पण त्यात तुझी पाठ राहत नाही. नवीत तुझी पाठ राहते, पण ती चालत नाही. मी सगळं नीट केलं, तरी कुठे चुकलं? अण्णासाहेबांना सांगू का, कॅसेट लावा म्हणून?"

आक्कांनी फडक्यातून टाळ काढले. दोन वर्षांत त्यांच्यावर काळपट छटा आली होती. चिंच लावून घासत त्या म्हणाल्या, "नव्या बग्गीत बसवा मला. थांबेल तिथे थांबू."

"आणि कायमची थांबली तर?"

"तर रस्त्यावर बसून राहीन. घरात बसण्यापेक्षा हवा बरी."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तयारी. बुंदू मियाँने मोरांना पुसून चकचकीत केलं होतं. आक्का कुमुदच्या खांद्याला धरून एकेक पायरी चढल्या आणि मखमलीवर ताठ बसल्या. मांडीवर टाळ. शेजारी कुमुद, तिच्या मांडीवर काल्यासाठी लावलेल्या दह्याचं पातेलं. हरिदास पुढे बुंदू मियाँजवळ. शेजाऱ्यांनी गर्दी केली. एक बाई म्हणाली, "अम्माजी, बारात कहाँ जाएगी?"

"मथुरेला," आक्का ठसक्यात म्हणाल्या. "कृष्णाकडची आहे मी."

विटांचा रस्ता छान पार पडला. खड्डे आले, गेले. आक्कांच्या चेहऱ्यावर रेघ उमटली नाही. त्या चकित होऊन इकडेतिकडे बघत होत्या. दोन वर्षांत केवढ्या इमारती उठल्या होत्या! आणि मग डांबर लागलं.

बिजली थांबली. मान वळवली. मागे बघितलं.

हरिदासने डोळे मिटून घेतले. बुंदू मियाँने चुचकारलं. ती चार पावलं गेली, परत थांबली, परत मागे बघितलं. मागून एका मारुतीने हॉर्न दिला, मग दुसरीने.

"हरी," आक्का म्हणाल्या, "ती मागे का बघते रे?"

"तेच तर! इतके दिवस तेच कळत नाहीये."

"थांबते ते सांगितलंस. मागे बघते हे कुठे सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? थांबलं की जनावर इकडेतिकडे बघणारच."

"इकडेतिकडे नाही, मागेच बघते. मी कीर्तनात मागे का बघायची?"

"पेटीवाला झोपलाय का ते बघायला."

"झोपलाय, का उठून गेलाय, का आहे तिथेच. आवाज आला नाही की माणूस वळून बघतो, सोबत आहे की सुटली." आक्का घोडीकडे टक लावून बघत राहिल्या. "जन्मभर हिच्या मागे खडखडाट होता. विटांवर अजूनही थोडी खडखड होते. इथे काय आहे?"

हरिदासने कान दिला. काहीच नव्हतं. त्याने इतक्या रविवारी खपून जे मिळवलं होतं, तेच होतं: शांतता. घोडीला दांड्यांतून धक्का पोचत नव्हता, कानांत आवाज पोचत नव्हता. तिच्या लेखी मागची बग्गी कधीच गळून पडली होती.

आक्कांनी टाळ उचलले आणि एकदा वाजवले. झण्.

बिजलीचे दोन्ही कान मागे वळले.

झण्, झण्. बिजलीने मान पुढे केली आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. आक्का ताल धरून वाजवू लागल्या आणि बिजली त्या गुळगुळीत डांबरावरून निघाली. कुमुदने तोंडावर हात ठेवला. बुंदू मियाँ लगाम सैल सोडून "या अल्लाह, या अल्लाह" एवढंच म्हणत राहिला.

"पण आक्का, हा आवाज आहे," हरिदासचा गोंधळ अजून पुरता मिटला नव्हता. "आवाजच तर मी काढून टाकत होतो."

"धक्का काढलास ते देवाघरचं काम केलंस. पण त्याबरोबर तिची सोबतही पुसलीस, राजा."

थोडं अंतर गेल्यावर आक्कांचे हात मंदावले. टाळ वाजवताना खांदे हलतात, खांद्यांबरोबर पाठीतल्या सळ्या. चेहरा पांढरा पडू लागला. टाळ थांबले, चार पावलांवर बिजलीही थांबली.

"मला दे," हरिदास म्हणाला.

"तुला ताल कुठे आहे रे?" आक्का म्हणाल्या, पण दिले.

हरिदासने टाळ वाजवले. पहिला लवकर पडला, दुसरा उशिरा, तिसरा पडलाच नाही. बिजलीने एक कान मागे, एक पुढे केला, तिची पावलं अडखळली. "बाबूजी, घोड़ी को चक्कर आ जाएगा," बुंदू मियाँ कळवळला.

"माझ्याकडे बघ," आक्का म्हणाल्या. "मी गोष्ट सांगते. माझं वाक्य संपलं की एक टाळ आणि एक हूं. बाकी डोकं चालवू नकोस."

आणि तिथे, राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने, ट्रक आणि दिल्लीच्या ब्लूलाइन बसांच्या गर्दीत आक्कांनी कीर्तन लावलं. गोपाळांनी आपापली शिदोरी सोडली. हूं, झण्. कुणाची ताजी भाकरी, कुणाची शिळी. हूं, झण्. लंगडा पेंद्या मागे राहिला, देव थांबून मागे बघू लागला. हरिदास हूं म्हणायला विसरला. पण टाळ पडला, आणि बिजली चालत राहिली. लाल दिव्याला थांबलेल्या स्कूटरवाल्यांनी हेल्मेट काढून हात जोडले. कुणाला वाटलं झाँकी, म्हणजे चित्ररथ आहे, कुणाला वाटलं निवडणूक, एकाने तर विचारलं, "माताजी किस पार्टी से हैं?"

मयूर विहारच्या हॉलशी पोचले तेव्हा उशीर झाला होता. अण्णासाहेब टेपरेकॉर्डरपाशी उभे, बोट बटणावर. बाहेरून टाळ ऐकू आला, तसं त्यांचं बोट तिथेच राहिलं. "आक्का?" म्हणत ते अनवाणी पायरीवर आले.

त्या दिवशीचं कीर्तन ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात की आक्का उभ्या राहिल्या त्या तासाभराने बसल्या. पूर्वरंग रस्त्यातच झाला होता, म्हणून सरळ उत्तररंग घेतला. मधे एकदा त्यांनी सवयीने मागे बघितलं. पेटीवाल्याच्या शेजारी, चुकीच्या तालात टाळ धरून, हरिदास उभा होता. "जागा आहेस ना?" त्या म्हणाल्या. "मग असू दे." सगळी सभा हसली. हरिदास रडत होता.

काल्याच्या वेळी कुमुदने पातेल्यावरचं फडकं काढलं. एवढ्या वाटेत दही कुठे मोडलं नव्हतं. ते आक्कांनी उभ्या उभ्या, हात घालून, स्वतः मोडलं. लाह्या, पोहे, डाळिंबाचे दाणे, सगळं एक केलं. बुंदू मियाँने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. आणि हरिदास पहिला घास घेऊन बाहेर गेला. बिजलीने लाह्या खाल्ल्या, दही त्याच्या बाहीला पुसलं.

परतीच्या वाटेआधी त्याने हॉलच्या मागून एक सुटी साखळी शोधून आणली आणि मागच्या आसाखाली सैल लटकवली. बग्गी चालली की साखळी हळू किणकिणायची. धक्का वर पोचत नव्हता, आवाज तेवढा पुढे जात होता. कचेरीत त्याने सहकाऱ्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला की गाडीखालच्या बांधणीत एक भाग असा असावा ज्याचं काम फक्त "मी आहे" एवढं सांगणं. त्यांनी त्याला सुट्टी घ्यायला सांगितलं.

पुढे आक्का दर वर्षी त्याच बग्गीतून काल्याला गेल्या, जोवर जाता आलं तोवर. मग एके वर्षी त्या म्हणाल्या होत्या तशा आडव्या गेल्या, आणि कीर्तन दुसऱ्या कुणी केलं. आक्कांची आठवण काढणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांची काळजी नको.

पण तुम्ही इतका वेळ हूं म्हणत बसलात, तर एक मागणं ऐका. आज घरी जाल, जेवायला बसाल, पलीकडून कुणी काही सांगत असेल, म्हातारं माणूस असेल, तेच तेच सांगत असेल. तेव्हा त्या पांढऱ्या घोडीची, बिजलीची, आठवण ठेवा. ती बिचारी परत परत मान वळवून बघत होती, मागे कुणी आहे का म्हणून. एवढी आठवण ठेवा. आणि आता हात पुढे करा, प्रसाद घ्या.